अमेरिकेतल्या ऑफिसच्या फोन सिस्टिमवर ९११ लोकेशनसकट सेट करताय? मग हे आधी वाचा

अमेरिकेतल्या एखाद्या ऑफिसची फोन सिस्टिम तुमच्याकडे आली की थोड्याच दिवसांत कोणीतरी विचारतं, "९११ चं झालंय ना?" आणि आपण म्हणतो हो, पत्ता टाकलाय की. (९११ म्हणजे तिथला इमर्जन्सी नंबर.) घोळ इथेच असतो. पत्ता टाकणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. खरं काम म्हणजे कुठला फोन किंवा लॅपटॉप नेटवर्कवर कुठे जोडलाय त्यावरून तो बिल्डिंगमध्ये कुठल्या मजल्यावर, कुठल्या बाजूला आहे हे सिस्टिमला कळवणं, आणि पुढे स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचे डबे) बदलले, डेस्क हलले तरी ते खरं राहील असं बघणं. म्हणजे नावाला फोनचं काम, पण निम्म्याच्या वर नेटवर्क आणि बिल्डिंगच्या नकाशाचं. फोनवाल्या टीमने एकट्याने केलं की अर्धवट राहतं, हे मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय.

मी मायक्रोसॉफ्ट टीम्स आणि सिस्को दोन्हींवर हे केलंय त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील, पण क्रम कुठल्याही सिस्टिमला साधारण हाच.

कायदा थोडक्यात

दोन कायदे माहीत पाहिजेत, कारण ऑडिटवाला त्यांचीच नावं घेतो.

पहिला कारीज लॉ. डिसेंबर २०१३ मध्ये टेक्सासमधल्या मार्शल गावात हॉटेलच्या खोलीत कारी हंट यांचा खून झाला. त्यांची ९ वर्षांची मुलगी तिथेच होती, तिने ४ वेळा ९११ लावला, पण त्या फोनवरून बाहेरची लाईन घ्यायला आधी ९ दाबावा लागायचा, हे त्या पोरीला कुठून माहीत असणार. तिच्या आजोबांनी मग हा विषय लावून धरला. टेक्सासने २०१५ मध्ये राज्यापुरता कायदा केला आणि १६ फेब्रुवारी २०१८ ला देशभरासाठी कायदा झाला, अलाबामातल्या हेलीव्हिलमधून पहिला ९११ कॉल झाला त्याला त्याच दिवशी ५० वर्षं झाली होती. यात दोन गोष्टी आहेत: कुठलाही आकडा आधी न दाबता ९११ लागला पाहिजे, आणि कॉल झाला की ऑफिसमध्ये कोणालातरी सूचना गेली पाहिजे. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बनवलेल्या, विकलेल्या किंवा बसवलेल्या मल्टी-लाईन सिस्टिमला हे लागू.

दुसरा रे बॉम्स अ‍ॅक्ट, त्यातलं कलम ५०६. कॉलबरोबर 'डिस्पॅचेबल लोकेशन' गेलं पाहिजे, म्हणजे तपासलेला रस्त्याचा पत्ता आणि त्यापुढे मजला, सुइट, खोली असं काहीतरी, जेणेकरून मदतीला आलेला माणूस नेमका तिथे पोचेल. एका जागी बसवलेल्या फोनसाठी ही मुदत ६ जानेवारी २०२१ ला संपली आणि हलणाऱ्या उपकरणांसाठी, म्हणजे सॉफ्टफोन (लॅपटॉपवरचं फोनचं अ‍ॅप) वगैरे, ६ जानेवारी २०२२ ला.

"आमची सिस्टिम जुनी आहे, आम्हाला सूट आहे" असं कोणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. काही राज्यांचे स्वतःचे वेगळे नियम आहेत, त्यामुळे ऑफिस ज्या राज्यात आहे तिथलं कंपनीच्या वकिलांकडून लेखी घ्या. ते आपण ठरवायचं काम नाही.

सुरुवात करायच्या आधी हे गोळा करा

- प्रत्येक ऑफिसचा रस्त्याचा पत्ता (पोस्ट बॉक्स चालत नाही) आणि सुइट नंबर
- प्रत्येक मजल्याचा फ्लोअर प्लॅन, शक्यतो वायफायच्या अ‍ॅक्सेस पॉइंटच्या खुणा असलेला
- स्विचची यादी: नाव, चासी आयडी (स्विचची नेटवर्कवरची ओळख), कुठल्या मजल्यावरच्या कुठल्या रॅकमध्ये
- पॅच पॅनलचा (डेस्कांकडून आलेल्या केबल जिथे एकत्र येतात ती पट्टी) कोणता पोर्ट कोणत्या डेस्कला जातो त्याची शीट
- अ‍ॅक्सेस पॉइंटची यादी सगळ्या बीएसएसआयडींसकट, म्हणजे त्यांच्या वायफाय सिग्नलच्या ओळख-पत्त्यांसकट (वायफाय कंट्रोलरमधून निघते)
- सबनेटची (ऑफिसच्या नेटवर्कमधले आयपी पत्त्यांचे गट) यादी आणि ऑफिसचे बाहेरचे पब्लिक आयपी
- डीआयडी नंबरांची (बाहेरून थेट त्या फोनवर लागणारे नंबर) यादी, कोणाला कुठला दिलाय
- फोन सिस्टिम, स्विच आणि वायफाय कंट्रोलरचा अ‍ॅडमिन अ‍ॅक्सेस
- फोन प्रोव्हायडरच्या ९११ टीमचा संपर्क, आणि प्रत्येक ऑफिसच्या भागातल्या ९११ केंद्राचा नॉन-इमर्जन्सी नंबर

पॅच पॅनलची शीट बहुतेक वेळा नसतेच किंवा पूर्वीच्या भाडेकरूच्या काळातली असते. ती नव्याने करायला एक माणूस प्रत्यक्ष ऑफिसमध्ये लागतो. लांबून काम करत असाल तर तो माणूस आधी बुक करा, नाहीतर पाचव्या पायरीवर येऊन अडकाल.

१. डायलिंग सरळ करा

लोकेशनच्या मागे लागायच्या आधी हे. ९११ थेट लागला पाहिजे. बाहेरच्या लाईनसाठी ९ दाबायची पद्धत असेल तर ९९११ सुद्धा लागला पाहिजे, कारण घाबरलेला माणूस सवयीने ९ दाबणारच.

सिस्कोच्या कॉल मॅनेजरमध्ये एक हमखास सापळा आहे. ९११ चा पॅटर्न (कुठले आकडे दाबले की कॉल कुठे जायचा तो नियम) टाकलाय पण 'अर्जंट प्रायॉरिटी'वर टिक नाही, आणि दुसरा कुठलातरी पॅटर्न ९११ ने सुरू होऊ शकतो, मग सिस्टिम पुढचा आकडा येईल म्हणून वाट बघत बसते. तो टायमर मुळात १५ सेकंदांचा असतो. १५ सेकंद फोन कानाला लावून शांतता, अशा वेळी माणूस फोन ठेवून देतो.

याची उलटी बाजू म्हणजे चुकून लागणारे ९११. बाहेरच्या लाईनला ९, मग लांबच्या नंबरला १, आणि १ वर बोट दोनदा पडलं की गेला कॉल. हे रोजचं झालं की ९११ वाले वैतागतात आणि पोलिस येऊन उभे राहतात. जमत असेल तर बाहेरच्या लाईनचा ९ बदलून ८ करा. लोक महिनाभर कुरकुर करतात, मग सवय होते.

२. फोनांची तीन गटांत वाटणी करा

पहिला गट एका जागी बसलेल्यांचा: लॉबीतला फोन, लिफ्टमधला, कॉन्फरन्स रूममधला, ब्रेक रूमचा. दुसरा गट बिल्डिंगमध्येच हलणाऱ्यांचा: लॅपटॉपवरचे सॉफ्टफोन, वायफायचे हँडसेट, आणि डेस्क फोनसुद्धा, कारण लोक टीम बदलली की फोन उचलून स्वतःच दुसऱ्या डेस्कला लावतात आणि कोणाला सांगत नाहीत. तिसरा बिल्डिंगबाहेरच्यांचा, घरून काम करणारे.

पहिल्याला हाताने पत्ता लिहून दिला तरी चालतं. दुसऱ्याला नेटवर्कवरून लोकेशन शोधावं लागतं. तिसऱ्याचं दुखणं वेगळंच आहे, ते सातव्या पायरीत.

लिफ्टचा फोन आणि फायर अलार्मची लाईन बऱ्याचदा अ‍ॅनालॉग असते आणि कोणाच्याच यादीत नसते. ती शोधा.

३. पत्ते टाका आणि व्हॅलिडेट करा

पत्ता सिस्टिममध्ये टाकला की तो ९११ च्या अधिकृत पत्त्यांशी जुळतो का हे तपासलं जातं. इथे मार्केटिंगचा पत्ता चालत नाही. बिल्डिंगवर 'अमुक प्लाझा' लिहिलेलं असतं पण अधिकृत पत्ता बाजूच्या गल्लीचा असतो, 'स्ट्रीट' की 'अ‍ॅव्हेन्यू', नॉर्थ की साऊथ, सगळं तंतोतंत जुळावं लागतं. जुळलं नाही तर आपल्या मनाने फेरफार करून 'व्हॅलिड' हिरवं दिसेपर्यंत प्रयत्न करत बसू नका, कारण तसं करता करता दुसराच पत्ता व्हॅलिडेट होऊ शकतो. प्रोव्हायडरच्या ९११ टीमला विचारा.

शिवाय कॉल कुठल्या ९११ केंद्राला जाईल हेही याच पत्त्यावर ठरतं. पत्ता चुकला की नुसती अ‍ॅम्ब्युलन्स चुकत नाही, कॉलच दुसऱ्या शहरातल्या केंद्रात जाऊन पडतो आणि मग तिथून इकडे ट्रान्सफर.

४. बिल्डिंगचे झोन पाडा

एक पत्ता, त्याखाली झोन: '३रा मजला, उत्तर बाजू', '३रा मजला, किचनजवळ'. किती बारीक जायचं? केंद्र सरकारच्या नियमात चौरस फुटांचा आकडा दिलेला नाही, मदतीला आलेल्याला माणूस सापडला पाहिजे एवढंच. माझं मत: छोट्या ऑफिसला मजला पुरे, मोठ्या मजल्याचे जिन्याच्या किंवा लिफ्टच्या हिशोबाने भाग करा, आणि ज्याला कुलूप किंवा कार्ड लागतं तो प्रत्येक भाग वेगळा झोन. खोलीगणिक झोन केले तर सुरुवातीला फार भारी दिसतं, पण नंतर सांभाळणारं कोणी नसतं, आणि चुकीची खोली सांगण्यापेक्षा बरोबर मजला सांगितलेला बरा.

झोनचं नाव बाहेरच्या माणसाला कळेल असं ठेवा. तुमच्या ऑफिसात कॉन्फरन्स रूमला 'एव्हरेस्ट' म्हणत असतील, फायर ब्रिगेडवाल्याला त्याचा काय उपयोग. 'फ्लोअर ३, ईस्ट विंग, रूम ३१२' असं, इंग्रजीत, छोटं, कारण ९११ च्या स्क्रीनवर लांब मजकूर मध्येच कापला जाऊ शकतो.

५. झोन आणि नेटवर्क यांची जोडणी

इथे वेळ काढा. सगळा खेळ इथे आहे.

लोकेशन ओळखायच्या चार खुणा असतात: वायफाय अ‍ॅक्सेस पॉइंटचा बीएसएसआयडी, स्विचचा पोर्ट, नुसता स्विच, आणि सबनेट. टीम्स याच क्रमाने जुळवत जातं, जे आधी जुळलं ते धरतं. सिस्कोचा इमर्जन्सी रिस्पॉन्डर स्वतःच स्विचेसना एसएनएमपीने (नेटवर्कवरच्या उपकरणांकडून माहिती घ्यायची पद्धत) विचारत फिरतो की कुठला फोन कुठल्या पोर्टवर आहे, त्यामुळे तिथे स्विचवर एसएनएमपी नीट चालू असणं महत्त्वाचं.

सुरुवात सबनेटने करा. सगळे सबनेट निदान बिल्डिंगच्या पत्त्याला जोडून टाका म्हणजे बाकी काही जुळलं नाही तरी बिल्डिंग तरी बरोबर जाईल. पण फक्त सबनेटवर थांबू नका, कारण व्हॉइसचं व्हीलॅन (फोनांसाठी वेगळा काढलेला नेटवर्कचा भाग) बऱ्याच ठिकाणी सगळ्या मजल्यांवर एकच पसरलेलं असतं आणि मग दहाव्या मजल्यावरचा माणूसही 'बिल्डिंग' एवढंच सांगतो.

मग स्विच. एका मजल्याला एक स्विच असेल तर चासी आयडी पुरतो. स्विचचा स्टॅक असेल आणि त्यातून दोन मजल्यांना केबल गेल्या असतील तर चासी आयडी सगळ्यांचा एकच दिसू शकतो, तिथे पोर्टनिहाय जावंच लागतं. यासाठी एलएलडीपी (स्विच आपली आणि पोर्टची ओळख जोडलेल्या उपकरणाला सांगतो ती सोय) स्विचवर चालू पाहिजे. लॅपटॉप डेस्क फोनच्या मागच्या पोर्टमधून जोडलेला असेल तर त्याला शेजारी म्हणून स्विच दिसतो की फोन, हे प्रत्यक्ष एका डेस्कवर जाऊन बघा. आणि डेस्कखाली कोणीतरी आणून लावलेला तो स्वस्त पाच पोर्टचा स्विच, त्याचाही बंदोबस्त करा.

वायफायमध्ये तीन गोष्टी डोकं खातात. एक, अ‍ॅक्सेस पॉइंट एक असला तरी प्रत्येक रेडिओ आणि प्रत्येक नेटवर्क नावाचा बीएसएसआयडी वेगळा असतो, म्हणजे छतावरचा एकच डबा आठ-दहा पत्ते फेकत असतो. टीम्समध्ये बीएसएसआयडीच्या शेवटच्या अक्षराच्या जागी * टाकता येतो, त्याने बरंच काम वाचतं, पण काही कंपन्यांचे अ‍ॅक्सेस पॉइंट शेवटच्या नाही तर पहिल्या भागात फरक करतात, तिथे सगळे एकेक टाकायचे. दोन, वायफाय मजला ओळखत नाही. तिसऱ्या मजल्यावरचा लॅपटॉप जिन्याजवळ बसला तर चौथ्याचा सिग्नल पकडतो. हे पूर्ण सुटत नाही, पण पॉवर नीट ट्यून करून घेतली की कमी होतं. तीन, लॅपटॉपवर लोकेशनची परवानगी बंद असेल तर अ‍ॅपला बीएसएसआयडी दिसतच नाही. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून यासाठी लोकेशनची परवानगी लागते आणि मॅकवरही लागते. प्रायव्हसीच्या नावाखाली कोणीतरी कंपनीभर लोकेशन बंद करून ठेवलेलं असतं, त्या टीमशी आधीच बोलून घ्या.

टीम्सवाल्यांनी अजून एक विसरू नये: ऑफिसचे पब्लिक आयपी 'ट्रस्टेड आयपी'च्या यादीत नसतील तर टीम्स लोकेशन शोधायला जातच नाही. आत सगळं बरोबर भरलेलं आणि लोकेशन मात्र रिकामं असं दिसलं की पहिल्यांदा हेच बघा.

६. कॉलबॅक नंबर

कॉल तुटला तर ९११ वाला उलटा फोन करतो. तो कुठे जाईल? बऱ्याच कंपन्या बाहेर जाणाऱ्या सगळ्या कॉलवर कंपनीचा मुख्य नंबर दाखवतात. मग ९११ चा उलटा कॉल मेनूवर पडतो, 'सेल्ससाठी १ दाबा'. त्याहून वाईट म्हणजे ज्या प्रोव्हायडरकडे पत्ता नंबरावरून बघितला जातो तिथे डॅलसच्या ब्रांचमधून कॉल केला तरी न्यूयॉर्कच्या हेडऑफिसचा पत्ता जातो. म्हणून ९११ च्या रूटवर हे मास्किंग बंद करा आणि खरा डीआयडी जाऊ द्या.

ज्या फोनला स्वतःचा डीआयडीच नाही, नुसतं एक्स्टेन्शन आहे, त्यांच्यासाठी ईलिन नावाची सोय असते. प्रत्येक झोनसाठी एक-दोन डीआयडी बाजूला काढून ठेवायचे, ९११ लागला की त्या झोनचा नंबर पुढे जातो आणि उलटा कॉल आला की सिस्टिम तो मूळ फोनवर वळवते. हे नंबर दुसऱ्या कोणाला देऊ नका, यादीत ठळक लिहून ठेवा.

७. घरून काम करणारे आणि व्हीपीएन

सगळ्यात धोकादायक चूक इथे होते. माणूस घरी आहे, व्हीपीएनवरून सगळं ट्रॅफिक ऑफिसमधून जातंय, सिस्टिमला दिसतो ऑफिसचा सबनेट आणि ऑफिसचा पब्लिक आयपी. त्याने ९११ लावला की अ‍ॅम्ब्युलन्स ऑफिसला. व्हीपीएनचा आयपी पूल कुठल्याही झोनला जोडू नका, आणि फोनचं ट्रॅफिक व्हीपीएनच्या बाहेरून जाईल अशी स्प्लिट टनेलिंग करा.

घरच्यासाठी मग दोन मार्ग: अ‍ॅपने ऑपरेटिंग सिस्टिमकडून लोकेशन घ्यायचं आणि माणसाने ते बरोबर आहे म्हणून कन्फर्म करायचं, किंवा त्याने पत्ता हाताने टाकायचा. लोक पॉपअप न वाचता बंद करतात. त्यामुळे पहिल्या दिवशीच्या ऑनबोर्डिंगमध्ये हे समोर बसवून करून घ्या. लोकेशन कळलंच नाही तर बरेच प्रोव्हायडर कॉल आधी त्यांच्या ऑपरेटरकडे नेतात, तो पत्ता विचारून मग पुढे जोडतो. यात वेळ जातो, आणि बोलू न शकणाऱ्या माणसाला याचा उपयोग शून्य.

८. सूचना कोणाला जाणार

कॉल होताच सूचना गेली पाहिजे आणि त्यात ९११ लागल्याची बातमी, कॉलबॅक नंबर आणि लोकेशन हवं. ती जिथे कोणीतरी बघेल किंवा ऐकेल अशा ठिकाणी जायला हवी. आयटीच्या कॉमन मेलबॉक्सवर पाठवून मोकळं होऊ नका, तिथे प्रिंटरच्या तक्रारींखाली ती गाडली जाते. रिसेप्शन, सिक्युरिटी डेस्क, आणि त्या मजल्यावरचे एक-दोन जण यांना एसएमएस किंवा स्क्रीनवर अलर्ट असा ग्रुप करा. खालच्या माणसाला आधीच कळलं तर तो लिफ्ट अडवून ठेवतो, दार उघडून देतो.

टीम्समध्ये सिक्युरिटीला चालू कॉलमध्ये जोडायचीही सोय आहे, म्यूट ठेवून किंवा बोलू देऊन. मी म्यूटच ठेवायला सांगेन, तीन जण एकदम बोलायला लागले की ९११ वाल्याला काही कळत नाही.

९. टेस्टिंग

बरेच प्रोव्हायडर ९३३ हा टेस्ट नंबर देतात. लावला की मशीन तुमचा नंबर आणि पत्ता वाचून दाखवतं. प्रत्येक झोनमधून एकदा केबलवर आणि एकदा वायफायवर लावा, आणि ऐकलेलं जसंच्या तसं शीटमध्ये लिहा. कोपऱ्यातल्या खोल्या, जिने, तळघर सोडू नका.

खरा ९११ लावून बघायचा असेल तर आधी त्या भागातल्या केंद्राच्या नॉन-इमर्जन्सी नंबरवर फोन करून वेळ ठरवा. ठरल्या वेळी लावल्यावर पहिलं वाक्य 'ही टेस्ट आहे, इमर्जन्सी नाही', मग पत्ता, मजला आणि कॉलबॅक नंबर वाचून दाखवायला सांगा, आणि जमल्यास उलटा फोन करायलाही सांगा. ते कामात असतील तर पुन्हा केव्हातरी. आणि चुकून लागलाच तर घाबरून ठेवू नका, लाईनवर थांबून सांगा, नाहीतर ते शोधत येतात.

इंटरनेट बंद पाडूनही एकदा बघा. मुख्य ट्रंक (बाहेरच्या फोन नेटवर्कला जोडणारी लाईन) गेल्यावर ९११ कुठून जातो? ऑफिसमध्ये बॅकअप गेटवे असेल तर तिथून गेलेल्या कॉलवर कुठला नंबर आणि कुठला पत्ता जातोय हे वेगळं तपासावं लागतं, ते मुख्य सेटिंगमधून आपोआप येत नाही. स्विच आणि गेटवे यूपीएसवर आहेत का तेही याच फेरीत बघून घ्या.

१०. बदल झाले की

अ‍ॅक्सेस पॉइंट बदलला की बीएसएसआयडी बदलतो, स्विच बदलला की चासी आयडी. नेटवर्क टीमच्या चेंज तिकिटात एक सक्तीचा रकाना घाला: '९११ लोकेशन अपडेट केलं का', आणि त्यात हो आल्याशिवाय तिकीट बंद होऊ देऊ नका. टीम्समध्ये केलेला बदल लगेच दिसत नाही, काही तास धरून चाला, मग ९३३.

महिन्यातून एकदा लोकेशन न सापडलेल्या उपकरणांची यादी काढा, त्यातून नवे न नोंदलेले अ‍ॅक्सेस पॉइंट लगेच कळतात. ऑफिसच हललं तर नवा पत्ता टाकायच्या आधी जुन्या जागेला जोडलेले स्विच, सबनेट आणि अ‍ॅक्सेस पॉइंट सिस्टिममधून काढा, कारण बहुतेक वेळा तेच डबे उचलून नव्या जागेत लावले जातात आणि तिथला फोन जुन्या बिल्डिंगचा पत्ता सांगत बसतो.